पाटी मालकाची, ओरखडा उपऱ्याचा

मराठी वाचकाची आणि ‘ग्राफिटी’ या शब्दाची पहिली गाठ भिंतीवर नाही, वर्तमानपत्रात पडली. ‘सकाळ’मधली ती छोटी चौकट आठवते? एखाददुसरी ओळ, शब्दावरची कोटी, शेवटी एक चिमटा. चहाबरोबर वाचायची आणि ऑफिसात पोचल्यावर स्वतःचीच असल्यासारखी खपवायची. पुढे हातोहाती मोबाइल आले आणि असल्या ओळींचे पेव फुटले. त्यामुळे आपल्याकडे ग्राफिटी म्हणजे चटकदार वाक्य, मग भिंत असो वा नसो, हा अर्थ पक्का झाला. मूळ इटालियन शब्दाच्या पोटात मात्र ओरखडा आहे: खिळ्याने, सुरीने गिलाव्यावर काढलेला. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई शहरात असे हजारो ओरखडे सापडले. त्यांत प्रेम आहे, शिव्या आहेत, हिशेब आहेत. इतक्या लिहिणाऱ्यांचा कंटाळवाणा भार सोसूनही ही भिंत अजून कोसळली कशी नाही, असे विचारणारा एक टवाळही आहे.

हा टवाळ पुण्यात जन्मता तर त्याने पाटी लावली असती, असे वाटेल. पण पुणेरी पाटी ही मालकाची असते. दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये, हे सांगायला आधी घंटी असावी लागते, दार असावे लागते, घर नावावर असावे लागते. ग्राफिटीत बोलतो तो ज्याच्या नावावर भिंत नाही असा माणूस. पाटी म्हणते, इथे येऊ नका. ओरखडा म्हणतो, मी येऊन गेलो. गेल्या पन्नास वर्षांत सिनेमा, बाजार आणि महापालिका यांनी या उपऱ्याचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. त्याची अक्षरे कुणाला पचली नाहीत. म्हणून कधी त्यांची आठवण करून टाकली, कधी त्यांचे चित्र.

आठवणीपासून सुरुवात करू. ज्या सिनेमाने हा शब्द अमेरिकेत घरोघरी नेला, त्या सिनेमात रंगवलेली भिंत शोधूनही सापडणार नाही. जॉर्ज ल्यूकसचा ‘अमेरिकन ग्राफिटी’ १९७३च्या ऑगस्टमध्ये आला. कॅलिफोर्नियातले मोडेस्टो हे ल्यूकसचे स्वतःचे गाव, काळ १९६२च्या उन्हाळ्याचा शेवट, आणि कथा एका रात्रीची. पोरे गाड्या काढतात, मुख्य रस्त्यावर वर-खाली फेऱ्या मारतात, शेजारच्या गाडीतल्या मुलीशी बोलतात, रेडिओवर गाणे चालू असते. बस, एवढेच. आपल्याकडे कट्ट्यावर बसून होते ते तिथे चाकांवर होते. निर्माता होता फ्रान्सिस फोर्ड कपोला. युनिव्हर्सल स्टुडिओला हे नाव मुळीच पसंत नव्हते. लोकांना हा इटालियन सिनेमा वाटेल किंवा पायांविषयीचा वाटेल, अशी धास्ती होती. ‘मोडेस्टोतली आणखी एक संथ रात्र’ अशा अर्थाचे नाव स्टुडिओने सुचवले. ल्यूकस हटला नाही. आठ लाख डॉलरहून कमी खर्चात झालेल्या त्या सिनेमाने पुढे दहा कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि तरुणपणाच्या आठवणींवर गल्ला भरतो, हे हॉलिवूडला कायमचे कळले.

पण मग नावातली ग्राफिटी कुठे आहे? मला ती शेवटच्या पडद्यावर दिसते. चार पोरांचे चेहरे येतात आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. एकाला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने १९६४मध्ये उडवले. एक १९६५मध्ये व्हिएतनाममध्ये बेपत्ता झाला. एक गावातच विमा एजंट आहे. एक लेखक झाला आणि कॅनडात राहतो. आख्खी रात्र ज्यांच्याबरोबर हसलो, त्यांची नावे अशी कोरून दाखवली की त्या थिल्लर फेऱ्यांना एकदम वजन येते. मुलींचे पुढे काय झाले ते मात्र पडदा सांगत नाही. पॉलीन केल या समीक्षिकेने तेव्हाच त्यावर बोट ठेवले होते. भिंतीवरही नाव कुणाचे राहते आणि कुणाचे राहत नाही, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

आपल्याकडे ‘शाळा’ आणि ‘दुनियादारी’ या सिनेमांनी तरुणपणाच्या आठवणींचे हेच काम केले. ‘शाळा’त तर आणीबाणीची सावली तशीच पडते, जशी ल्यूकसच्या रात्रीवर न दिसणाऱ्या व्हिएतनामची. आपली ग्राफिटी भिंतीवर कमी आणि बाकावर जास्त असायची. कंपासमधले कर्कटक भूमितीसाठी कमी आणि बदाम कोरण्यासाठी जास्त झिजायचे. माझ्या आठवीच्या बाकावर कुणीतरी माझ्या आधी ‘सु. वि.’ अशी आद्याक्षरे खोल कोरली होती. वर्षभर मी त्या खाचेत शाई भरत असे. सु. वि. एक माणूस होता की दोघे, हे कधीच कळले नाही.

‘अमेरिकन ग्राफिटी’ थिएटरात लागला तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला खरी ग्राफिटी ओली होती. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड नावाने लिहिणाऱ्या एका शाळकरी पोराने एका मुलीला रिझवण्यासाठी तिच्या वाटेवर सगळीकडे स्वतःचे नाव टाकायला सुरुवात केली. पुढे मजल प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीपर्यंत गेली. म्हणजे या कलेची सुरुवातच किशोरवयीन सिनेमासारखी आहे, फक्त कॅमेरा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये ग्रीक वंशाचा एक निरोप्या मुलगा शहरभर कागदपत्रे पोचवता पोचवता ‘टाकी १८३’ असे लिहीत सुटला. टाकी हे घरचे लाडाचे नाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. आपण गावाला ‘कर’ लावून आडनाव करतो, त्यातलाच हा प्रकार; हा आपला टाकी एकशेत्र्याऐंशीकर. १९७१च्या जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर बातमी छापली आणि दुसऱ्या दिवसापासून शेकडो पोरांना कळले की नाव छापून आणायला संपादक लागत नाही.

ही पोरे स्वतःला चित्रकार म्हणवत नसत. ती ‘रायटर’, म्हणजे लिहिणारी. हा एक शब्द धरून ठेवला तर पुढचे सगळे उलगडते. त्यांचे शास्त्र अक्षराचे होते. एका झटक्यात केलेली सही म्हणजे टॅग. फुगीर अक्षरांचे, दोन रंगांत मिनिटभरात उरकायचे काम म्हणजे थ्रो-अप. वेळ घेऊन, आतले रंग, कडा आणि सावली देऊन केलेला तो पीस. मास्टरपीस या शब्दाचे शेपूट तेवढे ठेवलेले. रेल्वेच्या डब्याच्या तळापासून छतापर्यंत गेला की मान वाढतो, आख्खा डबा व्यापला की आणखी. अक्षरे एकमेकांत इतकी गुंतवायची की बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत, ही वाइल्ड स्टाइल. रंगाच्या फवारा डब्याची तोटी बारीक रेघ मारते, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुठल्यातरी फवाऱ्याची तोटी काढून तिथे बसवायची, म्हणजे जाड पट्टा उठतो. हा शोध कुठल्या कंपनीचा नाही, पोरांचा. दुसऱ्याच्या कामावर रंग मारणे हे मोठे पाप, आणि नवशिक्याला म्हणायचे ‘टॉय’, खेळणे. फवाऱ्यातला रंग बहुधा चोरलेला असे. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

हे सगळे रंग सुकायच्या आत पकडणारे दोन सिनेमे १९८३चे आहेत. टोनी सिल्व्हर आणि हेन्री चॅलफंट यांचा ‘स्टाइल वॉर्स’ हा माहितीपट, आणि चार्ली अहर्नचा ‘वाइल्ड स्टाइल’ हा कथापट. दुसऱ्यात ली किन्योनेस आणि लेडी पिंक हे खरे रायटर जवळपास स्वतःचीच भूमिका करतात. अभिनय म्हणाल तर कच्चा आहे, पण लाजही खरीच आहे. तो जपानात दाखवला गेला आणि तिथे हिप-हॉपची लाट उसळली. १९८४चा ‘बीट स्ट्रीट’ जास्त पैशांचा, जास्त घडीव. त्यात रेमो नावाचा रायटर, दुसऱ्यांची कामे नासवणाऱ्याचा पाठलाग करताना विजेच्या तिसऱ्या रुळावर मरतो. व्यावसायिक सिनेमाला रायटर आवडतो, पण मेलेला, ही माझी जुनी शंका या सिनेमापासूनची.

पुन्हा पुन्हा पाहावा असा एकच, ‘स्टाइल वॉर्स’. त्यात स्कीम नावाचा मुलगा आणि त्याची आई स्वयंपाकघरात बोलत बसली आहेत. आईला कळत नाही की पोरगा रात्री-अपरात्री रेल्वेच्या यार्डात का जातो आणि जी गाडी त्याची नाही तिच्यावर नाव का लिहितो. चिडलेली आहे, पण तिला हसूही आवरत नाही. चाळीतली कुठलीही आई चालेल तिथे. पोरगा समजावतो की हे सगळ्यांसाठी नाहीच. आम्हा लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे वाचावे यासाठी आहे, बाकीचे त्यात धरलेलेच नाहीत. आईला हे मुळीच पटत नाही, आणि दिग्दर्शक तिला पटवण्याच्या भानगडीत पडत नाही. त्याच सिनेमात महापौर एड कॉच आहेत, यार्डाभोवतीचे कुंपण आणि कुत्री आहेत, डबे धुणारी रसायने आहेत, कामावरून घरी निघालेले आणि खिडकीतून बाहेरचे काही न दिसणारे वैतागलेले प्रवासी आहेत. केस टू आहे. लहानपणी रेल्वेच्या विजेने त्याचा एक हात गेला. उरलेल्या हाताने तो अक्षरे अशी मोडतो की वाचणाऱ्याची वाट चुकावी. कोण बरोबर, याचा निकाल सिनेमा देत नाही. आज हा ठेवा झाला आहे, कारण ज्या गाड्या त्यात दिसतात त्यांतली एकही उरली नाही. १२ मे १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या रेल्वेने शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून काढला. उरले ते हे चित्रीकरण, आणि मार्था कूपर व चॅलफंट यांचे १९८४चे ‘सबवे आर्ट’ हे छायाचित्रांचे पुस्तक. युरोपातली पोरे त्यावरूनच लिहायला शिकली.

अक्षराचे चित्र व्हायला तोवर सुरुवात झाली होती. ज्याँ-मिशेल बास्किया आधी मित्राबरोबर ‘सेमो’ या नावाने मॅनहॅटनच्या भिंतींवर वाक्ये लिहायचा. चित्र नाही, निव्वळ शब्द. त्याच बास्कियाचे १९८२चे एक चित्र २०१७मध्ये ११ कोटी ५ लाख डॉलरला गेले. ज्यूलियन श्नाबेलने १९९६मध्ये त्याच्यावर सिनेमा काढला. पण या सगळ्या झगमगाटात बास्कियाचे एक लहान चित्र मागे पडते. १९८३च्या सप्टेंबरात मायकेल स्टुअर्ट या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला स्टेशनात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पकडले. तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचला आणि तेरा दिवसांनी गेला. खटला झाला, सगळे पोलीस सुटले. बास्कियाने मित्र कीथ हॅरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवर दोन पोलीस आणि मधली एक काळी आकृती रंगवली आणि वर शब्द लिहिला, ज्याचा मराठी अर्थ होतो विद्रूपण. हॅरिंगने पुढे भिंतीचा तो तुकडा कापून जपून ठेवला.

हा सरकारी शब्द आपल्याला परका नाही. मालमत्ता विद्रूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५चा आहे. त्या शब्दात रूप असते ते भिंतीचे. बास्कियाने विचारले, विद्रूप कोण झाले?

भिंतींवर चित्रे उमटवणाऱ्या अनामिक बँक्सीविषयी थोडक्यात आवरतो, कारण त्याच्याविषयी गरजेपेक्षा जास्त लिहिले गेले आहे. त्याचा उंदीर पॅरिसच्या ब्लेक ल रॅने १९८१च्या सुमारास छापायला घेतलेल्या उंदरांचा वंशज. २०१८मध्ये लिलावात विकले जाताक्षणी त्याचे फुगेवाल्या मुलीचे चित्र चौकटीतल्या यंत्राने अर्धे फाडले. तीन वर्षांनी तेच फाटके चित्र एक कोटी ८५ लाख पौंडांच्या वर गेले. बाजाराला वाकुल्या दाखवाव्यात तर बाजार त्या चौकट करून भिंतीला लावतो. २०१०चा त्याचा ‘एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप’ हा सिनेमा मात्र खरोखर तिरका आहे. आपल्याच पंथाचा दुकानदार कसा होतो, हे तो हसत हसत सांगतो.

अक्षराचा मान राखणारे सिनेमे वेगळ्याच ठिकाणी सापडतात. १९७९च्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’मध्ये ब्रायन रात्री रोमनांविरुद्ध लॅटिनमध्ये घोषणा रंगवतो. रोमन शिपाई त्याला पकडतो आणि विभक्ती चुकली म्हणून कान पिरगाळतो. सगळे व्याकरण वदवून घेतो आणि शिक्षा म्हणून तीच घोषणा शंभर वेळा लिहायला लावतो. संस्कृतच्या मास्तरांचा मार खाल्लेल्या पिढीला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. १९९५च्या ‘ला हेन’मध्ये पॅरिसच्या उपनगरातला सईद एका जाहिरातफलकाखाली थांबतो. जग तुमचे आहे, असे फलक म्हणतो. सईद एक अक्षर बदलतो आणि जग आमचे होते. हिंदीत असे बळ मला दिसले ते २०१८च्या ‘स्त्री’मध्ये. गावातल्या घराघरावर भुतासाठी सूचना लिहिलेली, की बाई, उद्या ये. कल्पना बंगळूरची, तिथे नव्वदच्या दशकात दारांवर कानडीत हेच लिहीत असत. भूत साक्षर आणि सज्जन आहे, रोज वाचते आणि परत जाते! शेवटी त्या ओळीतला शब्द बदलतो, आणि जिला हाकलायचे तिलाच राखणीची विनंती होते. भिंत तीच.

त्यामानाने ‘गली बॉय’मधली फवारणी मला पटत नाही. रॅपर मुराद आणि श्रीमंत घरची स्काय रात्री मुंबईत जाहिरातींवर रंग मारत फिरतात, संगीत छान आहे, रात्र छान आहे. पण पकडले गेल्यावर स्कायचे काय होईल आणि धारावीच्या मुरादचे काय होईल, यातली तफावत बाकी सिनेमाभर ठाऊक असणाऱ्या दिग्दर्शिका झोया अख्तरला नेमकी तिथे आठवत नाही. मायकेल स्टुअर्ट तिथे आठवायला हवा होता.

मुंबईच्या खऱ्या भिंतींवर मात्र उलटेच घडले. अमेरिकेत सिनेमाने भिंत उचलली, मुंबईत भिंतीने सिनेमा. २०१२मध्ये रणजित दहिया यांनी वांद्र्याच्या चॅपल रोडवर अनारकली रंगवली, मग अमिताभ आला, आणि २०१४मध्ये वांद्रे रेक्लमेशनला टेलिफोनच्या इमारतीवर दादासाहेब फाळके उभे राहिले. दहिया मूळचे हरियाणाचे. सुरुवात घरांना रंग देण्यापासून. त्याआधी २००९च्या ऑगस्टमध्ये तुळशी पाइप रोडलगतची रेल्वेची लांबलचक भिंत महापालिकेच्या संमतीने शेकडो हौशी हातांनी रंगवली होती. २०१८मध्ये ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राने चर्चगेट स्टेशनावर रंगीबेरंगी गांधीजी काढले. देखणे आहे सगळे. फाळक्यांपुढे तर मी टॅक्सी थांबवून उतरलो आहे. पण या यादीत एक गोष्ट नाही: अक्षर. परवानगी मिळते ती चेहऱ्याला, फुलाला, पक्ष्याला. आपल्या पालिकांचा लाडका प्रकार तर वारली. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची ती रेषा आता उड्डाणपुलाच्या खांबापासून स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे नाचते. वारलीत चौक ‘लिहितात’, हे पालिकेला कुणी सांगितले नसावे.

अक्षराची भिंत आपल्याकडे खरे तर पेंटरची होती. सुताने रेघ मारून, आधी पांढऱ्याने सोडून, मग लाल भरून, शेवटी काळी शेड देऊन लिहिलेले दुकानाचे नाव न्यूयॉर्कच्या कुठल्याही पीसपुढे मान खाली घालणार नाही. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींचे आडनावच लोकांनी पेंटर करून टाकले. चित्रकार हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. फ्लेक्स आला आणि ही जमात दहा-पंधरा वर्षांत विरली. ट्रकवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर तर २०१५मध्ये राज्य सरकारनेच बंदी घातली; का, तर लोक वाचून खरोखर हॉर्न वाजवतात. भिंतीवरचे वाचले जाते याची एवढी सरकारी कबुली दुसरी नसेल. हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची वळणे संगणकावर उतरवून त्यांचे फाँट केले आणि त्यांना त्या पेंटरांचीच नावे दिली. २०२४मध्ये ते गेले. दिल्लीत ‘डाकू’ नावाचा अनामिक रायटर आपले नाव देवनागरीत लिहितो. लोदी कॉलनीत त्याने एका भिंतीवर अक्षरे रंगवली नाहीत, भिंतीतून बाहेर काढून त्यांची सावली खाली पाडली. ऊन सरकते तसे शब्द ताणतात, तिरके होतात, ढग आला की नसतात. देवनागरीची शिरोरेषा अक्षरांना बांधून ठेवते, तिच्यात वाइल्ड स्टाइल जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी डाकूची देवनागरी सही पाहावी.

आणि गड-किल्ले, लेणी? तिथला प्रत्येक बदाम आपल्याला संताप आणतो, आणणेच योग्य. संरक्षित स्मारकाला हानी केली तर २०१०च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण महाराष्ट्रातला सर्वांत नावाजलेला ओरखडा ज्याचा आहे, त्याच्या वाट्याला दंड आला नाही, इतिहासाच्या पुस्तकात जागा आली. वाघाच्या शिकारीला निघालेला जॉन स्मिथ हा मद्रास घोडदळाच्या २८व्या पलटणीचा अधिकारी २८ एप्रिल १८१९ रोजी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर त्याने नाव आणि तारीख खरवडली. तेव्हा लेण्यात शतकांचा राडारोडा पाच फूट साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. पुढे तो ढिगारा उपसला गेला. स्मिथ आता आपल्या डोक्यावर आहे, हात पोचणार नाही इतका वर.